घाटावरचं पाणी, घाटाखालची वीज

चिपळूणला मे महिन्यात पाहुणा आला, की पुलावरून जाताना त्याला एका गोष्टीचं हमखास नवल वाटतं. कोकणातल्या बाकीच्या नद्या तोवर दगडगोट्यांच्या झालेल्या असतात. जगबुडी काय, शास्त्री काय, वरच्या अंगाला डबकी तेवढी उरतात. आमची वाशिष्ठी मात्र वाहत असते. ‘‘एवढ्या उन्हाळ्यात हे पाणी कुठलं हो?’’ असं पाहुणा विचारतो आणि चिपळूणकर जरा तोऱ्यातच सांगतो, ‘‘हे घाटावरचं. कोयनेचं.’’

कोकणात या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. वीज तयार करून झाल्यावर उरलेलं, सोडून दिलेलं पाणी. मी इतिहासाचा शिक्षक, इंजिनिअर नव्हे. पण तीस-बत्तीस वर्षं शिकवताना या एका शब्दाभोवती मी बराच घुटमळलो आहे. स्वच्छ, न संपणारी, धूर नसलेली वीज हवी, असं आज सगळं जग म्हणतं. ती आमच्या उशाशी १९६२ पासून तयार होते आहे. मग ती हवी तेवढी वाढली का नाही? यंत्रं नव्हती म्हणून? पैसा नव्हता म्हणून? श्रोतेहो, कोयनेचा इतिहास वाचताना मला जे उत्तर मिळालं ते असं, की यंत्रं आली, पैसाही आला, अडलं ते पाण्यापाशी. एकाच पाण्यावर दोन तहानलेले मुलूख हक्क सांगत होते आणि त्यांचा हिशेब कागदावर मिटला तरी मनातून कधी मिटला नाही.

आधी भूगोल थोडा सांगायला हवा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी जन्मतःच बंगालच्या उपसागराचं. पण हेळवाकच्या त्या वळणापाशी सह्याद्रीची धार इतकी अरुंद आहे, की पलीकडे कुंभार्ली घाट उतरला की लगेच कोकण. वर पाणी, खाली जवळजवळ पाचशे मीटरची दरी. वीज करणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवं? धरण पूर्वेला बांधायचं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा आणि पाणी पश्चिमेला सोडायचं.

ही युक्ती कोयनेवर पहिल्यांदा सुचलेली नाही. टाटांनी ती लोणावळ्याकडे आधीच केली होती. खोपोलीची वीज १९१५ ची, भिवपुरीची १९२२ ची, भिऱ्याची १९२७ ची. तिन्ही ठिकाणी पूर्वेला जाणारं भीमेच्या खोऱ्यातलं पाणी अडवून कोकणात उतरवलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण झालं आणि तिथं १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्या लढ्याचे पुढारी. पन्नासाहून अधिक गावांचा प्रश्न होता. बापटांना तुरुंगवास झाला, लढा हरला, धरण झालं. शाळेच्या पुस्तकात हा सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात एका ओळीत येतो. पण तो पाणी आणि वीज यांच्यातला आपल्याकडचा पहिला मोठा तंटाही होता. ‘न जळणाऱ्या कोळशा’चं कौतुक त्या काळीही होतं, आणि तो कोळसा कुणाच्या भातखाचरातून निघतो हा प्रश्नही.

कोयनेची पाहणी टाटांच्या मंडळींनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात केली होती. पुढं मंदी आली आणि योजना बारगळली. ती पुन्हा वर आली स्वातंत्र्याच्या सुमाराला. १९५० च्या दशकात काम सुरू झालं. १०३ मीटर उंचीचं, आठशे मीटर लांबीचं धरण, मागे शिवसागर जलाशय, नवजाजवळून बोगदा, आणि घाटाखाली पोफळीला डोंगराच्या पोटात कोरलेलं वीजघर. १९६२ मध्ये तिथली वीज सुरू झाली. आमचे वडील सांगायचे, की तेव्हा चिपळूणच्या बाजारपेठेत पंजाबी, मद्रासी, इटालियन अशी नाना तऱ्हेची माणसं दिसायला लागली आणि कांदे-बटाट्याचे भाव चढले. वडिलांची किराणा मालाची वखार होती, त्यामुळे इतिहासाची ही बाजू त्यांना चोख पाठ होती!

माझ्या आजोळी, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत, मात्र तेव्हा कंदीलच होता. डोक्यावरून मोठ्या तारा गेलेल्या. पावसाळी हवेत त्या गुणगुणायच्या. आजी म्हणायची, ‘‘मुंबईची वीज चाललीय, आपल्याला काय त्याचं.’’ पुष्कळ वर्षांनी आमच्याकडे खांब आले. जलाशयाच्या काठच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना तर रस्ता आणि वीज या दोन्हींसाठी फारच दीर्घ वाट पाहावी लागली. आणि ज्यांची गावं शिवसागरात गेली, ती पाटण-जावळीकडची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी, ठाणे अशी विखुरली. त्यांच्या पुनर्वसनासाठी २०१८ नंतरही कोयनानगरला डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली धरणं धरली गेली. म्हणजे पाणी वळवल्याला साठ वर्षं होत आली तरी माणसांचा हिशेब उरलेलाच.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते. भांडी खडखडली आणि आईनं आम्हाला ओढतच अंगणात नेलं. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली. धरण हादरलं, पण टिकलं. पोफळीची यंत्रं थांबली आणि मुंबई-पुण्याकडच्या कारखान्यांना त्या दिवसांत कळलं, की आपण किती एका दोरीला लोंबकळतो आहोत. पुढं धरणाला मागून टेकू देऊन मजबुती केली गेली. भूकंपाचा विषय मोठा आहे, इथं तो सोडतो. आमच्या गोष्टीतलं खरं वळण त्यानंतर सहा वर्षांनी आलं आणि ते जमिनीखाली नव्हे, दिल्लीच्या कचेरीत घडलं.

कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांत कसं वाटायचं हे ठरवायला १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ चा, पुढचा खुलासेवार अहवाल १९७६ चा. खालच्या राज्यांचं म्हणणं सरळ होतं. कृष्णेचं खोरं आधीच तहानलेलं, आणि महाराष्ट्र तिचं पाणी खोऱ्याबाहेर काढून शेवटी अरबी समुद्रात ओततो, हे कसं चालेल? वीज कोळशावर करता येते, अणुशक्तीवर करता येते. ज्वारीला मात्र पाण्यावाचून दुसरा पर्याय नाही. हा मुद्दा त्या वादात कळीचा ठरला. लवादानं पश्चिमेकडचं पाणी बंद केलं नाही, पण त्याला कुंपण घातलं. कोयनेसाठी सुरुवातीच्या वर्षांत ९७ टीएमसीपर्यंत, मग टप्प्याटप्प्यानं खाली येत कायमचं ६७.५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर.

हा ६७.५ चा आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कोयनेचं ‘तांत्रिक वर्ष’ १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या तीन ठिकाणांचा पाऊस पावसाळाभर रोज पेपरात येतो, आणि वर्षअखेरीला ‘कोटा किती शिल्लक’ याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. क्रिकेटमध्ये उरलेली षटकं मोजावीत तशी.

आता यातला हिशेब पाहा. हजार लिटर पाणी शिवसागरातून पोफळीला उतरलं आणि तिथून कोळकेवाडीच्या तिसऱ्या टप्प्यात आणखी शंभरावर मीटर खाली आलं, की त्यातून साधारण सव्वा ते दीड युनिट वीज मिळते. साध्या गुणाकारानं ६७.५ टीएमसीचे अडीचशे ते पावणेतीनशे कोटी युनिट होतात. ही झाली वर्षाची मर्यादा. आणि यंत्रं किती बसवली? पहिल्या दोन टप्प्यांत मिळून ६०० मेगावॉट. कोळकेवाडीला, म्हणजे अलोऱ्याला, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ३२० मेगावॉट. मग १९९९-२००० मध्ये चौथा टप्पा, एकट्याचे १,००० मेगावॉट. धरणाच्या पायथ्याचे ४० धरून एकूण १,९६०.

चौथ्या टप्प्याच्या वेळचा तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. भरलेल्या तलावाच्या तळाशी खालून बोगदा आणायचा आणि शेवटचा खडक सुरुंगानं उडवून पाणी आत घ्यायचं. नॉर्वेत रुळलेलं हे तंत्र आपल्याकडे १३ मार्च १९९९ ला यशस्वी झालं. ‘लेक टॅपिंग’ हा शब्द तेव्हा रिक्षावाल्यांच्याही तोंडी होता. तलाव न रिकामा करता त्याच्या पोटाला भोक पाडलं, याचा अभिमान आम्हालाही वाटला, आणि का वाटू नये?

पण शिक्षकाचं मन आकडेमोडीकडं वळतं. १,९६० मेगावॉटची यंत्रं आणि पाणी मात्र तेवढंच. भागाकार करून पाहिला तर सगळी यंत्रं पूर्ण क्षमतेनं दिवसाला सरासरी चार तासही चालू शकत नाहीत. एरवी ती पाण्याची वाट पाहत बसतात. चौथ्या टप्प्यानं वीज वाढवली असं आपण सहज बोलतो. खरं तर त्यानं विजेची वेळ बदलली. संध्याकाळी महाराष्ट्राचे दिवे एकदम लागतात, मिक्सर आणि पंखे सुरू होतात, तेव्हा मिनिटांत यंत्र सुरू करता येतं ते पाण्याचंच. औष्णिक केंद्राला तेवढी लगबग जमत नाही. ही कामगिरी लहान नाही. पण ती ‘जास्त वीज’ नव्हे. २५ एप्रिल २०१२ ला दुसरं लेक टॅपिंग झालं, ते तलावाची पातळी उन्हाळ्यात खाली गेली तरी चौथा टप्पा चालू राहावा म्हणून. पाण्याचा कोटा त्यानंही वाढला नाही. वाढणार कुठून?

याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते त्या अंजनवेलला, १९९९ मध्येच एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला. वर स्वस्त, स्वच्छ वीज, पण पाणी मोजून. खाली लागेल तेवढी, पण तिचं बिल परवडेना. एकाच नदीनं दोन्ही पाहिलं.

आता घाटावर चढू या. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला. तिथल्या माणसाला ‘कोयनेचं पाणी कोकणात जाऊन समुद्राला मिळतं’ हे वाक्य ऐकवून पाहा. मी एकदा जतकडच्या एका लग्नात हे केलं. नवऱ्या मुलाचे चुलते शांतपणे म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमच्या समुद्राला पाणी कमी पडलं होतं का?’’ मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या तालुक्यांसाठी ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजना झाल्या. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि दुष्काळी माळावर सोडायचं. म्हणजे डोंगराच्या या बाजूला पाणी खाली पाडून वीज करायची आणि त्या बाजूला वीज जाळून पाणी वर न्यायचं. या योजनांची वीजबिलं थकली की पंप बंद. मग बिलाचा ८१ टक्के भार शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असा तोडगा निघाला. कमी पावसाच्या २०२३ सालात कोयनेतून सांगलीला किती सोडायचं आणि विजेला किती ठेवायचं यावर चांगलीच जुंपली. पाणी पूर्वेला सोडलं की तेवढी पोफळीची वीज घटते, हा सरळ व्यवहार आहे.

आणि महापूर आला की सूर पालटतो! २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली तेव्हा तिकडून हाक आली, की कोयनेचं जास्तीचं पाणी कोकणात सोडा. कोकणात कुठं सोडा? २६ जुलै २००५ ला आमचं चिपळूण बुडालंच होतं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं दोन्ही पुरांत भिजली. हे भाषण तयार करताना मी ज्या जुन्या टिपणांवर विसंबलो, ती तिथंच बसून काढलेली. मूळ पुस्तकांपैकी काही आता नाहीत. २०२१ ला ढगफुटीसारखा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी होती. तरी लोकांनी कोळकेवाडीकडं बोट दाखवलं, त्यावर खुलासे झाले, नदीतला गाळ काढण्यासाठी उपोषणं झाली आणि गाळ काढायला सुरुवातही झाली. कुणाचं किती खरं, यात मी शिरत नाही. एवढं खरं, की चिपळूणला कोयना उन्हाळ्यात आई वाटते आणि पावसाळ्यात सावत्र आई.

हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण आहे. झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांची वीज बऱ्याच अंशी त्यावर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांधलं, म्हणजे कोयनेच्याच पिढीचं. २०२४ मध्ये तिथं असा दुष्काळ पडला, की झांबियात दिवसातले बरेच तास वीज नसे. ज्या वर्षी पीक जळतं, त्याच वर्षी पंपाची वीजही जाते. गरीब देशानं धुराऐवजी पाण्यावर भरवसा ठेवला आणि पाण्यानं दगा दिला, की पुन्हा डिझेलचे जनरेटर घरघरायला लागतात. ही टिंगल करण्याची गोष्ट नाही. कोयनेत १०५ टीएमसीचा साठा आहे आणि वर महाबळेश्वरचा पाऊस आहे, म्हणून आपण अजून त्या टोकाला गेलो नाही, इतकंच.

‘मग सूर्य आहे की’, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटत होतं. चिपळूण तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी उंचावरच्या वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, उतार ते थांबू देत नाही. नळपाणी योजना असते, पण पंपाचं बिल थकलं की कनेक्शन तुटतं. म्हणून काही वाड्यांवर विंधन विहिरीवर सौर पंप बसवले. बिल नाही, डिझेल नाही. पंप हवा तेव्हाच, म्हणजे उन्हाळ्यात, ऊनही भरपूर. कागदावर याहून नेटकी जोडी नाही.

अशाच एका वाडीत मी मुलांना घेऊन गेलो होतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. टाकीशेजारी पत्रे लखलखत होते. निळ्या काचेवर धुळीचा थर, पण यंत्र धड होतं. मी आपला मुलांना सौरऊर्जा समजावून सांगायला लागलो. कडेला एक म्हातारे बाबा विडी ओढत बसले होते. त्यांनी माझं व्याख्यान पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाले, ‘‘मास्तर, सूर्य हाय. पत्रे पण बरे हायत. खाली पाणीच नाय, तर त्यांनी ओढायचं काय?’’ विंधन विहीर मार्चअखेरीलाच आटली होती.

त्या कड्यावरून खाली वाशिष्ठी दिसत होती. वर कुठंतरी यंत्रं सुरू झाली असावीत, कारण आमच्या डोळ्यांदेखत नदीचं पात्र हळूहळू रुंद होत गेलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे उचलले आणि चार पावलं मागं सरून पुन्हा दगड शोधले. पुलाजवळ एक टँकर नदीत पाइप टाकून उभा होता. बाबांनी विडी विझवली आणि वाडीतल्या पोरींना हाक मारली, ‘‘कळशा काढा गो, तासाभरात येईल वर.’’